क्रूझवर टॉवेल टाकून खुर्ची धरण्यापेक्षा हे करून बघा

पहिल्या क्रूझच्या पहिल्या सी डेला, म्हणजे ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी, मी सकाळी साडेनऊला मस्त नाश्ता करून पूल डेकवर, म्हणजे पोहायचा तलाव असतो त्या मजल्यावर, गेले आणि बघते तर काय, खुर्च्या सगळ्या भरलेल्या आणि माणसं नाहीतच. नुसते टॉवेल. एका खुर्चीवर निळा टॉवेल, त्यावर एकच स्लीपर (दुसरी कुठे होती देव जाणे) आणि उलटं उघडून ठेवलेलं जाडजूड पुस्तक, वाऱ्याने त्याची पानं फडफडतायत. साडेअकरा वाजले तरी ते पुस्तक कोणी वाचायला आलं नाही. शेजारी अशाच अजून पाच खुर्च्या, एकाच घराण्याच्या असाव्यात कारण प्रत्येकीवर टोप्या एकसारख्या. मी आणि नवरा दोन तास कठड्याला टेकून उभे. त्यानंतर बऱ्याच क्रूझ झाल्या आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकीत हा उद्योग मी स्वतःपण केलाय, ते पुढे सांगते.

आधी नियम काय आहे ते. बहुतेक कंपन्यांनी ठरवून दिलंय की खुर्ची अडवून निघून जायचं नाही, आणि गेलात तर ठराविक वेळेनंतर स्टाफ तुमचं सामान उचलणार. रॉयल कॅरिबियनवर ही मुदत 30 मिनिटं, कार्निव्हलवर 40, नॉर्वेजियनवर 45. कार्निव्हलवाले रिकाम्या खुर्चीवर वेळ लिहिलेला स्टिकर लावतात, 40 मिनिटांत कोणी आलं नाही तर सामान गोळा करून टॉवेलच्या काउंटरपाशी ठेवतात. आता हे कागदावर. प्रत्यक्षात काही जहाजांवर स्टाफ कडक असतो आणि काहींवर बिचारे बघून न बघितल्यासारखं करतात, कारण सुट्टीवर आलेल्या माणसाशी भांडण कोण ओढवून घेणार. त्यामुळे आपल्या जहाजावरचा नियम पहिल्याच दिवशी ॲपमधे किंवा केबिनमधे येणाऱ्या रोजच्या पत्रकात बघून ठेवा, काही लागलंच तर त्याच नियमाचं नाव घेऊन बोलता येतं.

मग टॉयलेटला जायचं नाही का, असं लगेच कोणीतरी विचारतं. जायचं की! पाण्यात उतरा, बारवर जा, पटकन बुफेतून प्लेट भरून आणा, तेवढ्यापुरता टॉवेल आणि बॅग खुर्चीवर राहिली तर कोणी काही म्हणत नाही, ती मुदत त्यासाठीच आहे. पण नाश्ता, मग जिम, मग ट्रिव्हिया म्हणजे प्रश्नमंजुषा, मग जेवण आणि मग दुपारी दोनला उन्हात यायचं आणि सकाळी सहापासून चार खुर्च्या आपल्या नावाने बसवून ठेवायच्या, हे नाही. सोपं गणित आहे, परत यायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागणार असेल तर सामान उचलूनच जायचं. आणि किती खुर्च्या घ्यायच्या? जितकी माणसं आत्ता आडवी पडणारेत तितक्या. पोरं दिवसभर पाण्यातच असतात, त्यांना खुर्ची लागत नाही, त्यांचे कपडे आणि चपला आईबापाच्या खुर्चीखाली मावतात. आम्ही सहाजण असलो की तीन घेतो, आळीपाळीने बसतो, आणि एकजण कायम तिथे असतोच. माणूस बसलेलं असलं की वादच येत नाही.

काही लोक म्हणतात आम्ही पैसे भरलेत, लवकर उठून आलोय, मग खुर्ची आमची. गंमत म्हणजे एकेकाळी खरंच तसं होतं. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या बोटींवर डेक चेअर भाड्याने घ्यायची, 1912 साली टायटॅनिकवर अख्ख्या प्रवासासाठी चार शिलिंग किंवा एक डॉलर पडायचा आणि पाय झाकायला जाड ब्लँकेट हवं तर त्याचे वेगळे. अशा बोटींवर डेक स्टुअर्ड खुर्चीला नावाची चिठ्ठी लावून द्यायचा आणि मग प्रवास संपेपर्यंत ती तुमची. टायटॅनिकच्या त्या लाकडी घडीच्या खुर्च्यांपैकी एक कॅनडात हॅलिफॅक्सच्या सागरी म्युझियममधे ठेवलीय. आज तसा हक्क हवा असेल तर तो आजही विकत मिळतो, कबाना म्हणजे छोटी खाजगी खोपटी बुक करा, किंवा प्रिन्सेस या कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर सँक्च्युअरी नावाचा फक्त मोठ्यांसाठीचा शांत भाग आहे तिथे पैसे भरून जागा घ्या. बाकी साध्या डेकवरच्या खुर्च्या सगळ्यांच्या, पहिल्या आलेल्याच्या नाही, आत्ता बसलेल्याच्या.

आता मुद्द्याचं. खुर्ची अडवावी का वाटते, तर नंतर मिळणारच नाही ही भीती असते. आणि ही भीती फक्त एकाच जागी आणि एकाच वेळी खरी असते, सी डेला साधारण दहा ते तीन, मधल्या मोठ्या पूलच्या काठावर. बाकी जहाज रिकामं पडलेलं असतं हो! जहाज मोठं असलं तर जागाही तशाच विखुरलेल्या. आयकॉन ऑफ द सीज या जहाजावर तर दोघांच्या केबिनच्या हिशेबाने 5,610 प्रवासी आणि सात पूल, पण सगळ्यांचे पाय वळतात बँड वाजतो तिकडेच.

तर जागा शोधायच्या कुठे. पहिली म्हणजे पूलच्या वरचा डेक, एक जिना चढायचा कंटाळा इतका असतो लोकांना की तिथे हमखास मिळते. दुसरी जहाजाची मागची बाजू, तिथे वारा अडलेला असतो आणि पाण्यावर उमटत जाणारा पांढरा पट्टा बघत बसायला मिळतं, मला तर पूलपेक्षा तेच आवडतं. पुढच्या टोकाला मात्र जपून, जहाज 20 नॉट्सने चाललं असेल तर वारा नसतानाही ताशी 37 किलोमीटरचा वारा तोंडावर येतो, पुस्तक वाचणं सोडा टोपी सांभाळणं कठीण. तिसरी म्हणजे खालचा प्रोमेनाड डेक, म्हणजे फेऱ्या मारायचा मजला, लाईफबोटींच्या खाली सावली असते, शांतता असते आणि बऱ्याच जहाजांवर जुन्या पद्धतीच्या खुर्च्याही असतात, फक्त तिथे लोक चालायला येतात (किती फेऱ्यांचा एक मैल होतो ते भिंतीवर लिहिलेलं असतं) तर त्यांच्या वाटेत पाय पसरू नका. मुलं बरोबर नसतील तर मोठ्यांसाठीचा भाग बघा, कार्निव्हलचं सेरेनिटी फुकट आहे, रॉयल कॅरिबियनच्या सोलॅरियमलाही सहसा वेगळे पैसे नसतात.

वेळेचंही तसंच. बंदराच्या दिवशी सगळे खाली उतरतात तेव्हा अख्खा पूल तुमचा, एखादं बंदर आधी बघितलेलं असेल तर मुद्दाम जहाजावर थांबा. चढायच्या दिवशी स्विमसूट हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनपाशी यायला संध्याकाळ होते आणि लोक जीन्स घालून घामाघूम फिरत असतात, तेव्हा तुम्ही सेफ्टी ड्रिलचं (संकटात काय करायचं त्या सरावाचं) काम आधी उरकून पाण्यात. आणि सी डेलाच बसायचं असेल तर चारनंतर या, दुपारी ऊन खाऊन दमलेले लोक आंघोळीला गेलेले असतात आणि ऊनही उतरलेलं असतं.

सावलीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. जमिनीवर सावली हळूहळू सरकते, जहाजावर ती एका मिनिटात पळते कारण जहाज वळतं. तुम्ही पहाटे उठून सावलीतली सर्वात भारी खुर्ची धरलीत आणि नऊ वाजता कॅप्टनने दिशा बदलली की झालात तुम्ही भट्टीत. म्हणून आधी जहाज कुठे चाललंय ते बघा, केबिनच्या टीव्हीवर नकाशा असतो. सकाळी दक्षिणेकडे चाललं असेल तर ऊन डाव्या बाजूला, उत्तरेकडे चाललं असेल तर उजव्या बाजूला, दुपारनंतर उलटं. एवढं कळलं की लोक भांडत असतात त्याच्या विरुद्ध बाजूला आरामात जागा मिळते.

बरं, आता समजा तुम्हाला खुर्ची हवीय आणि समोर ती टॉवेलवाली भुताटकी आहे. शेजारच्याला विचारा, इथे कोणी बसलंय का, कधीपासून नाहीये. बरेचदा शेजारीच वैतागलेला असतो आणि भरभरून सांगतो. मोबाईलवर वेळ बघून ठेवा, स्वतःही तिथेच आसपास थांबा, आणि मुदत संपली की डेक अटेंडंटला गाठा. सामान स्वतः हलवू नका, कितीही हात शिवशिवले तरी. त्यातला गॉगल हरवला किंवा फोन पाण्यात पडला तर चोर तुम्ही ठरता, आणि समोरचा माणूस चिडलेला आला तर तुमची सुट्टी गेली. माझ्या नवऱ्याने एकदा असाच टॉवेल उचलून बाजूला ठेवला होता, पाच मिनिटांत एक आजोबा हातात आईस्क्रीमचे दोन कोन घेऊन हजर, बायकोसाठी आणायला गेले होते बिचारे. वितळलेलं आईस्क्रीम त्यांच्या मनगटावरून ओघळतंय आणि हा सॉरी सॉरी म्हणतोय. तेव्हापासून तो अटेंडंटलाच बोलावतो.

बोलवायचं तेही आवाज न चढवता. आम्ही एवढंच म्हणतो, "दादा, या दोन खुर्च्यांवर पाऊण तास कोणी नाहीये, जरा बघता का?" बस. ही मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात, नियम त्यांनी केलेला नाही आणि खुर्ची त्यांनी अडवलेली नाही. अटेंडंट काहीच करत नसेल तर गेस्ट सर्व्हिसेसला सांगा, ॲपवर चॅट असेल तर तिथे लिहा, डेकचा नंबर आणि बाजू सांगून. दोन-चार जणांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी स्टिकर निघतातच.

आता माझं पाप. तिसऱ्या क्रूझला सासूबाई बरोबर होत्या, त्यांना गुडघ्यामुळे जिने नकोत म्हणून मी पहाटे जाऊन लिफ्टजवळच्या दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकले आणि खाली येऊन झोपले. दहाला वर गेलो तर टॉवेल गायब, आणि टॉवेल काउंटरवर कार्ड दाखवून माझ्या नावावर घेतलेले होते, म्हणजे परत केले नाहीत तर पैसे खात्यावर लागणार. शोधत फिरले सगळीकडे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं मला सांगितलं असतंस तर मीच येऊन बसले असते, नाहीतरी पाचला जागीच असते मी." अटेंडंटने टॉवेल ठेवले होते नीट घडी करून, वर त्याने सासूबाईंसाठी सावलीत एक खुर्चीही आणून दिली. चालायला त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर हेच करा, सरळ सांगा, रुमाल टाकायची वेळ येत नाही.

बाकी बारीकसारीक. खुर्ची ओढत नेऊ नका, उचला, पूल डेकच्या खालीच लोकांच्या केबिन असतात आणि ती घरघर त्यांच्या डोक्यावर ऐकू येते, मी एकदा तशा केबिनमधे आठवडा काढलाय. सनस्क्रीन लावून उघड्या खुर्चीवर झोपू नका, खाली टॉवेल घाला. टॉवेलला मोठे चिमटे लावा, नाहीतर तो समुद्रात जातो, आणि समुद्रात काहीही टाकणं किंवा उडू देणं वाईटच. स्पीकरवर गाणी नकोत, हेडफोन आहेत ना! काचेचे ग्लास पूलपाशी आणू नका. डायपरमधलं बाळ पूलमधे उतरवू नका, पोहायचा डायपर असला तरी बहुतेक जहाजांवर चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळी जागा असेल तर तिथे न्या. हॉट टबमधे चार माणसं बाहेर वाट बघत असतील तर तासभर उकडत बसू नका. आणि डेकवरून थेट बुफेला जाताना हात साबणाने धुवा, नोरोव्हायरसला, म्हणजे उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूला, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, अंगावर काहीतरी घाला आणि पायात चपला असू द्या.

हेच नाटकाच्या थिएटरमधेही लागू, तिथे एकजण पर्स, जॅकेट आणि पाण्याची बाटली पसरून आठ सीट धरून बसतो आणि शो सुरू झाल्यावर अंधारात पूर्ण घर त्याला शोधत येतं. दोन सीट धरा, पाच मिनिटं धरा, दिवे मंद झाले की सोडून द्या. उठताना खुर्चीवरचा ओला टॉवेल घेऊन जा, कारण तो तिथे राहिला की पुढचा माणूस अर्धा तास लांबून बघत बसतो, कोणी आहे की नाही म्हणून.