मेडिकलला असताना कंबरदुखी कशी आवरावी

प्रिलिमच्या महिनाभर आधी फिजिओथेरपीच्या ओपीडीत एक वेगळी गर्दी दिसायला लागते. वय एकोणीस-वीस, पाठीवर सॅक, गळ्यात आयकार्ड आणि एक हात कमरेवर. कमरेच्या एल-फोर आणि एल-फाइव्ह या मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकली तर कुठली नस दबते, हे यांना तोंडपाठ असतं. पण काल सलग किती वेळ बसला होतात असं विचारलं की उत्तर येतं, "मध्ये मेसला जेवायला उठलो होतो ना!"

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. हा काही फक्त म्हातारपणाचा आजार नाही. दिल्लीतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास निम्म्या मुलामुलींनी वर्षभरात कंबर दुखल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडे मुंबईलगत कळवा, नेरूळ, कामोठे इथल्या मेडिकल कॉलेजांत शिकणाऱ्यांच्या दिवसात तर लोकलची भर पडते.

घरोघरी एकच सल्ला मिळतो: ताठ बस. मला तो अपुरा वाटतो. ताठ बसून चार तास काढले तरी कंबर धरतेच. मणक्यांमधल्या गादीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिचं पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येतं. हालचालीने दाब कमी-जास्त होत राहिला तर या झिरपण्याला मदत होते. स्नायूंचंही तेच, एकाच स्थितीत तासन्‌तास धरून ठेवले की ते कुरकुरणार. म्हणून खाली जे सांगते आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टी बसणं सुधारण्यापेक्षा बसणं मोडण्याच्या आहेत.

१. आधी हे साधं दुखणं आहे ना, ते बघा

दहापैकी नऊ जणांच्या कंबरदुखीमागे कुठलाही एकच गंभीर आजार सापडत नाही. उरलेला एक आपण नाही ना, एवढं आधी तपासायचं.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढ्या भागाला बधिरपणा येणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही झालं तर पुढचं वाचू नका, थेट इमर्जन्सीला जा. पडझड किंवा अपघातानंतर कंबर दुखत असेल तरी दाखवायला हवं. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आठवा. आपल्याकडे तो अजून दिसतो, आणि तुम्ही तर रोज वॉर्डात वावरता.

दुसरी गोष्ट तुमच्या वयाची म्हणून मुद्दाम सांगते. तीन महिन्यांहून जास्त दुखतंय, सकाळी उठल्यावर अर्धा तासाहून अधिक कंबर आखडलेली असते, पहाटे दुखण्याने जाग येते, आणि गंमत म्हणजे आराम केला की वाढतं, चालल्याफिरल्यावर कमी होतं? मग ती खुर्चीची करणी नसावी. अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिससारखे सांध्यांच्या सुजेचे आजार तरुणपणीच सुरू होतात आणि "अभ्यासामुळे दुखतंय" म्हणत वर्षानुवर्षं निसटतात. अशा वेळी र्‍हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात तापाबरोबर कंबर मोडून आली तर आधी डेंग्यूची तपासणी, आणि तोवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात नको. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका त्यांनी वाढतो.

२. आठवडाभर दुखण्याची नोंद ठेवा

मोबाइलमध्ये चालेल. दुखलं कधी, त्याच्या आधीच्या दोन तासांत काय करत होतात, रात्री किती झोपलात, एवढंच लिहा. कुणाचं दुखणं रीडिंग रूममध्ये उपटतं, कुणाचं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहून, कुणाचं रविवारी दुपारी लोळून. सगळ्यांना एकच उपाय सांगून भागत नाही ते यामुळेच.

३. वाचायची जागा लावून घ्या

सर्वांत वाईट जागा म्हणजे हॉस्टेलची खाट. भिंतीला पाठ, मांडीवर लॅपटॉप, पाय लांब. पहिली दहा मिनिटं छान जातात. मग बूड हळूहळू पुढे घसरतं, कंबरेखाली पोकळी राहते, कण्याचा बाक उलटा होतो आणि मान हनुवटीसकट छातीवर येते. खाटेवरची गादी मध्ये खोलगट झालेली असेल तर बघायलाच नको. खाटेवर वाचायचंच असेल तर पोटावर पालथं पडून, कोपरांवर टेकून पाच-दहा मिनिटं वाचा. दिवसभर पुढे वाकलेल्या कंबरेला ही उलटी दिशा बहुतेकांना बरी वाटते. पायात कळ जायला लागली तर मात्र थांबा.

टेबल-खुर्ची असेल तर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. नाही टेकले तर खाली पाट ठेवा. खुर्चीची पाठ आणि कंबर यांच्यामध्ये पंचाची गुंडाळी बसवा, नेमकी बेल्टच्या वर. लॅपटॉपखाली अॅनाटॉमीचे दोन जाड खंड ठेवून स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा आणि स्वतंत्र कीबोर्ड जोडा. महागडी खुर्ची घ्यावी का, असं पालक विचारतात. माझ्या मते त्याआधी कीबोर्ड आणि पंचा यांचा महिनाभर प्रयोग करून बघावा.

४. अर्ध्या तासाला उठा, पण अभ्यास सोडून नव्हे

टायमर लावा म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि टायमर बंद करतात, कारण उठणं म्हणजे वेळ वाया जाणं असं डोक्यात बसलेलं असतं. म्हणून अभ्यासाचीच वाटणी करा. लिहिणं आणि आकृत्या बसून. व्हिडिओ लेक्चर दीडपट वेगाने ऐकायचं ते उभ्याने, लॅपटॉप कपाटावर ठेवून. व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) प्रश्न पार्टनरबरोबर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा, म्हणजे कूलरपर्यंत जावंच लागतं आणि थोड्या वेळाने बाथरूमपर्यंतही.

उठल्यावर दोन्ही तळहात कमरेवर ठेवून सावकाश पाच वेळा मागे वाका. वीस सेकंदांचं काम आहे.

५. प्रवास

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ गाठायला अर्धा-पाऊण तास, मानसरोवर स्टेशनला उतरून कामोठ्याला जाणाऱ्यांना त्याहून जास्त. या प्रवासात कंबरेचा खरा शत्रू म्हणजे चौथी सीट. तिघांच्या बाकड्यावर "जरा सरकता का" म्हणत अर्धं बूड टेकायचं, एक पाय पॅसेजमध्ये रोवायचा आणि वळणावर पडू नये म्हणून कंबर एका बाजूला ताणून धरायची. शिवाय मांडीवर सॅक. त्यापेक्षा दाराजवळची गर्दी सोडून आतल्या बाजूला, हँडल धरून, पाय थोडे फाकवून उभं राहणं कितीतरी चांगलं. पूर्ण सीट मिळाली तर बसा, अर्धी सोडून द्या. लोकांना हे पटत नाही, याची मला कल्पना आहे.

सॅक दोन्ही खांद्यांवर, पट्टे आवळून, लॅपटॉप पाठीला लागून. वजन शरीराच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत, म्हणजे पंचावन्न किलोच्या मुलीने साडेपाच ते आठ किलोच्या वर जाऊ नये. एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच. एप्रन, जर्नल, स्टीलचा डबा, लिटरची बाटली, चार्जर, छत्री, आणि पहिल्या वर्षाला तर हाडांचा संचही. गाडीत चढल्यावर सॅक रॅकवर.

घोडबंदर रोडवरून दुचाकीने येणाऱ्यांनी खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठून धक्का गुडघ्यांवर घ्यावा.

६. वॉर्ड, डिसेक्शन हॉल आणि ओटी

राउंडला दोन तास एका जागी उभं राहणं बसण्याइतकंच छळतं. वजन एका पायावर टाकून कंबर मोडून उभं राहायची सवय असेल तर निदान पाय बदलत राहा. खाली फूटस्टेप असेल तर आळीपाळीने एकेक पाय त्यावर ठेवा. डिसेक्शन (शवविच्छेदन) टेबलवर कमरेतून वाकण्याऐवजी स्टूल ओढून बसा. ओटीत रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचं हत्यार, धरायला उभं केलं असेल तर तिथे हक्काने हलता येत नाही, खरं आहे. तरी टाचा उचलून टेकणं आणि कुल्ल्यांचे स्नायू आवळून सोडणं गाऊनच्या आत कुणाला दिसत नाही.

७. रोज बारा मिनिटं ताकदीसाठी

ताणाचे व्यायाम सगळे करतात, कारण लगेच बरं वाटतं. टिकाऊ फरक पडतो तो ताकदीने. मी बहुतेकांना तीन व्यायाम देते.

पहिल्याची नीट उजळणी करू. सतरंजीवर हातगुडघ्यांवर या, मनगटं खांद्यांखाली, गुडघे कुल्ल्यांखाली. नजर जमिनीकडे. पोट हलकं आवळा, कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सावकाश लांबवा. पाय फार उंच नेण्याचा मोह होतो आणि तिथेच घोळ होतो, कारण मग कंबर खाली लचकते. टाच कुल्ल्याच्या रेषेत आली की बास. आठ ते दहा सेकंद थांबा, श्वास रोखू नका, मग बाजू बदला. बरोबर जमतंय का हे कळायला कमरेवर आडवा मोबाइल ठेवा. तो घसरला तर पाय आणखी खाली आणा. दोन्ही बाजूंना सहा वेळा, दम घ्या, मग चार वेळा, मग दोन वेळा.

दुसरा, कुशीवर पडून कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचलायची. जमायला लागलं की गुडघ्यांऐवजी पावलांवर. तिसरा, उताणं झोपून, गुडघे दुमडून कुल्ले उचलायचे, म्हणजे ब्रिज. त्यात जोर कमरेत नव्हे, कुल्ल्यांत लागला पाहिजे.

वेळ शक्यतो संध्याकाळची. रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या गादीत पाणी भरून ती फुगलेली असते, म्हणून उठल्या उठल्या पहिल्या तासात पायाचे अंगठे पकडण्याचा व्यायाम आणि कमरेतून वाकून कपड्यांची बादली उचलणं टाळा. बादली उचलताना गुडघे वाकवा आणि ती अंगाजवळ घ्या.

जोडीला आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालणं. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक आहे, ठाण्यात तलावपाळी आणि उपवन. वेळच नसेल तर दोन रिक्षांचे पैसे वाचवून स्टेशनपासून चालत या.

८. झोप, सिगारेट आणि बाकीचं

रात्री चार-पाच तास झोपून काढलेल्या आठवड्यात तेच दुखणं जास्त बोचतं, कारण अपुऱ्या झोपेने वेदना सहन करण्याची ताकदच घटते. ताणाचंही तसंच. टपरीवरच्या सिगारेटचा कंबरदुखीशी संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. खोलगट गादीखाली प्लायवूडची फळी टाकता येते, पण एकदम फरशीवर झोपायची गरज नाही.

९. अचानक चमक भरली तर

पहिल्या दिवशी उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटं शेका. पण अंथरूण धरू नका. दिवसाआड नव्हे, दर तासाला उठून खोलीत चार फेऱ्या मारा. जास्त दिवस पडून राहिलेले लवकर बरे होत नाहीत, हे जुन्या संशोधनानेही दाखवलं आहे. कमरेचा पट्टा लागलाच तर दोन-तीन दिवस. इंटर्न मित्राने खिशातून काढून दिलेली गोळी उपाशीपोटी घेऊ नका, आणि ती आठवडाभर घ्यावी लागत असेल तर रीतसर केसपेपर काढा.

एमआरआयची घाई नको. अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांचे एमआरआय पाहिले तर त्यांतल्या सुमारे ३७ टक्के जणांच्या गाद्यांत झीज दिसते. तेव्हा रिपोर्टमधलं वाक्य वाचून "मणक्यात गॅप आहे" म्हणत खेळणं सोडू नका. धोक्याची खूण नसेल तर बहुतेकांची चमक चार-सहा आठवड्यांत ओसरते. सहा आठवड्यांनंतरही तीच गत असेल तर आठवडाभराची नोंद घेऊन ऑर्थो किंवा फिजिओच्या ओपीडीत या.

परीक्षेच्या काळात बारा मिनिटं जमणार नाहीत. तेव्हा पहिला व्यायाम आणि ब्रिज असे दोनच ठेवा, पाच मिनिटांत आटपतात. पेपर संपले की त्याच दिवशी क्रिकेटला किंवा थेट ट्रेकला पळू नका. आधी आठवडाभर पूर्ण बारा मिनिटांवर या.