लिनक्सवर सोर्सवरून ड्रायव्हर टाकताय? मेक मारायच्या आधी हेडर्स बघा

ड्रायव्हरचं सोर्स पॅकेज उघडलं की बरेच जण थेट मेक (make, कोड कंपाइल करणारी कमांड) मारतात आणि मग पानभर एरर बघून हात टेकतात. बहुतेक वेळा कोड ठीकच असतो, हेडर्स (ड्रायव्हर बनवताना लागणाऱ्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, फाइल्स) तरी नसतात नाहीतर भलत्याच व्हर्जनचे असतात.

म्हणून आधी टर्मिनलमध्ये युनेम -आर (uname -r) चालवा. जे व्हर्जन दिसेल त्याच कर्नलचे हेडर्स लागतात, जवळपासचे चालत नाहीत. उबुंटू-डेबियनवर लिनक्स-हेडर्स आणि पुढे तेच व्हर्जन असं पॅकेज असतं, सोबत बिल्ड-इसेन्शियल घ्या, फेडोरावर कर्नल-डेव्हेल. कर्नल अपडेट करून रीबूट केलं नसेल तर आधी रीबूट करा, नाहीतर हेडर्स नव्याचे आणि चालू कर्नल जुना असा घोळ होतो.

मग रीडमी वाचा, खरंच वाचा, आणि मेक साध्या युजरनेच चालवा, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) फक्त इन्स्टॉल आणि लोड करताना. शेवटी .केओ (.ko) फाइल, म्हणजे ड्रायव्हरचं मॉड्यूल, तयार झाली पाहिजे. तिच्यावर मॉडइन्फो (modinfo) चालवून व्हर्मॅजिकची (vermagic, मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बनलंय ती) ओळ बघा, ती युनेमशी जुळत नसेल तर लोड करताना 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' येणारच. जुळली तर सुडो मेक इन्स्टॉल, मग मॉड्यूल्सची यादी ताजी करायला सुडो डेपमॉड -ए (depmod -a), मग लोड करायला सुडो मॉडप्रोब (modprobe) आणि मॉड्यूलचं नाव. इन्समॉडनेही लोड होतं पण ते डिपेंडन्सी (सोबत लागणारी इतर मॉड्यूल्स) बघत नाही, त्यामुळे मॉडप्रोबच वापरा.

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर बहुधा सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूल मान्य कीने साइन केलेलं नाही. सिक्युअर बूट बंदच करून टाका असं लोक सर्रास सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. स्वतःची की बनवून मॉड्यूल साइन करा, मोकयुटिलने (mokutil) ती की इंपोर्ट करा, तिथे दिलेला पासवर्ड लक्षात ठेवा, रीबूटला निळी स्क्रीन येते तिथे एनरोल मॉक (Enroll MOK, म्हणजे तुमची की नोंदवणं) निवडायचं. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते, तेव्हा समोर बसून राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. असा हाताने टाकलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला गायब होतो, कारण तो त्या एकाच कर्नलच्या फोल्डरमध्ये असतो. पॅकेजमध्ये डीकेएमएस.कॉन्फ (dkms.conf; डीकेएमएस हे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बनवणारं टूल) फाइल असेल तर मेक इन्स्टॉलच्या नादी न लागता सोर्स /यूएसआर/एसआरसी (/usr/src) मध्ये नाव-व्हर्जन अशा फोल्डरमध्ये ठेवा आणि डीकेएमएस अ‍ॅड, बिल्ड, इन्स्टॉल करा. फाइलमध्ये ऑटोइन्स्टॉल यस (AUTOINSTALL=yes) असलं आणि नव्या कर्नलचे हेडर्सही सोबत येत असले की अपडेटनंतर ते आपणहून पुन्हा बिल्ड होतं.

हेडर्स बरोबर असूनही 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' (कोडने मागितलेलं फंक्शन सापडत नाही) आलं तर मात्र कोड जुना झालाय, कर्नलच्या आतली फंक्शन्स बदलत राहतात, उदाहरणार्थ कर्नल 6.15 मध्ये डेल_टायमर (del_timer) काढून टाकलं, आता टायमर_डिलीट (timer_delete) वापरावं लागतं. अशा वेळी ड्रायव्हरचं नवं व्हर्जन शोधा. आणि ड्रायव्हर लोड करताना अडलात तर सुडो डीमेसेजच्या (dmesg, कर्नलचा लॉग) शेवटच्या ओळी आधी बघा, खरं कारण बहुधा तिथेच असतं.