जुन्या फँटसीतल्या बायका: वाचताना या चुका टाळा

सांगलीतल्या आमच्या वाचनगटात नवं कोणी आलं की इंग्रजी लेखक टोल्किनबद्दलचा पहिला शेरा ठरलेला असतो: "यात बायकाच नाहीत." खोटं नाही. 'द हॉबिट' (१९३७) जवळपास सगळं पुरुषांचंच आहे आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्येही (१९५४-५५) बायका बोटांवर मोजण्याइतक्याच. पण मोजून झालं की लोक पुस्तक मिटतात. जी आहे तिला लेखकाने काय करू दिलं, हे बघायचं राहूनच जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'रिंग्ज'मधल्या एओविनला अर्ध्यात सोडणं. मागे एका मुलाने ग्रुपवर फक्त तिच्या लढाईची पानं टाकली. एवढं जाडजूड कोण वाचणार, असं त्याचं म्हणणं. पुरुषवेषात रणात उतरलेली राजाची भाची, पुरुषाच्या हातून मरण नाही असं भाकीत असलेला नाझ्गुल या काळ्या स्वारांचा सरदार, मेरी नावाच्या तिच्या बुटक्या साथीदाराचा मागून वार आणि तिच्या तलवारीने शेवट. सगळे खूश झाले.

मिरजेला नर्स असलेल्या ताईंनी विचारलं, "पण ती लढायला गेली का, ते कुठंय?" ते त्या पानांत नव्हतंच. कथेतला योद्धा अरागॉर्न तिला बरोबर न्यायला नकार देतो तेव्हा ती भांडते: पुरुष नाव कमवायला जाणार आणि घर सांभाळायला कायम मीच का? भीती कशाची, तर पिंजऱ्याची. लढाईनंतर हीच एओविन तलवार सोडून लोकांना बरं करायचं ठरवते, फारामिर या सरदाराला लग्नाचा होकार देते.

कॉलेजातली एक मुलगी उसळली, "म्हणजे शेवटी लग्न लावून गप्पच बसवली!"

"जखमा बांधणं म्हणजे गप्प बसणं? एकदा ये माझ्या वॉर्डात."

"ताई, तुम्ही काम निवडलंत. तिच्या पदरात काम आणि नवरा एकदमच टाकलेत."

मला मुलीचं जास्त पटलं, पण ताईंमुळे ती प्रकरणं मी पुन्हा वाचली. तेव्हापासून लढाईच्या आधीचं आणि नंतरचं वाचून न आलेल्याने त्या दिवशी फक्त ऐकायचं, असा माझा शिरस्ता आहे. सारांशावर मत देणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. सिनेमा पाहून येणाऱ्यांनाही तेच लागू.

"काळच तसा होता" हे उत्तर देऊ नका. सी. एल. मूर या लेखिकेची तलवार चालवणारी नायिका जिरेल १९३४ सालीच छापून आली होती.

उर्सुला ल ग्विन या लेखिकेच्या 'अर्थसी' मालिकेतल्या पहिल्याच पुस्तकावर थांबू नका. १९६८च्या त्या पुस्तकात जादूची शाळा फक्त मुलग्यांची, आणि बायकांची जादू दुबळी अशी म्हणच आहे. १९७१च्या पुस्तकात तेनार ही नायिका येते. १९९०च्या 'तेहानू'मध्ये तीच तेनार शेतकऱ्याची विधवा म्हणून भेटते, आणि लेखिका स्वतःच्याच जगाची झाडाझडती घेते.

सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात (१९५६) आधीच्या पुस्तकांतली सुझन लिपस्टिक-नायलॉन्सच्या नादी लागली म्हणून नार्नियाबाहेर राहते. त्यावर मुली चिडल्या तर "लहान मुलांचं पुस्तक आहे" म्हणून विषय टाळू नका.

आणि कृपा करून कुणालाही "एक बाई म्हणून काय वाटलं?" असं विचारू नका. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघणाऱ्या आमच्या एका वाचक बाईंना सगळ्यात जवळचा वाटतो तो 'रिंग्ज'मधला नोकर सॅम. एओविनवर त्या क्वचितच बोलतात. मोर्डोर या शत्रूच्या मुलखाच्या वाटेवर सॅम उरलेली भाकरी कशी पुरवून वापरतो, यावर मात्र त्यांना कितीही वेळ बोलू द्यावं.