जुन्या गाडीत डिजिटल मीटर बसवताय? आधी चार्जिंगचा दिवा बघा

गिअरबॉक्समधून केबल येऊन स्पीडचा काटा फिरतो अशा जुन्या गाडीत डिजिटल मीटर टाकायचा असेल तर पहिले जुन्या मीटरमधल्या बॅटरीच्या लाल दिव्याकडे लक्ष द्या, कारण बऱ्याच जुन्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्जिंग सुरू करायला लागणारा करंट त्या छोट्या बल्बमधूनच जातो आणि नवीन मीटरमध्ये तिथे एलईडी असतो, त्यातून तेवढा करंट जातच नाही, मग मीटर मस्त झगमगतो पण बॅटरी उतरत जाते आणि लोक उगाच नवीन बॅटरी घेतात. त्या वायरला जुना बल्ब तसाच ठेवा नाहीतर एलईडीला पॅरलल योग्य रेझिस्टर लावून घ्या, इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगाच. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा, साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत.

स्पीडसाठी केबलच्या जागी सेन्सर लागेल, टायरच्या साईजप्रमाणे सेट करून जीपीएसशी ताडून बघा. पेट्रोलच्या काट्याचं मात्र नीट विचारून घ्या, टाकीतल्या फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) रेझिस्टन्स मीटरशी जुळला नाही तर रिकामी टाकी फुल दिसू शकते, म्हणून कॅलिब्रेट करता येणारा, म्हणजे आपल्या टाकीप्रमाणे सेट करता येणाराच मीटर घ्या. आणि जुना मीटर काढायच्या आधी किलोमीटरचा फोटो काढा, तो मीटर जपूनही ठेवा, गाडी विकताना घेणाऱ्याला खरं रनिंग दाखवता आलं पाहिजे.