जुन्या पद्मिनीचं कूलिंग घरी अपग्रेड करताय? या चुका टाळा (बऱ्याचशा मी करून बसलोय)

आमच्याकडे वडिलांची ८७ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे आणि दर मे महिन्यात तिचा एकच कार्यक्रम, पुण्याहून साताऱ्याला निघायचं आणि खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लालमध्ये. मग बोनेट उघडून कडेला थांबा, येणारेजाणारे काका सल्ले देतायत, पोरं कंटाळलीयत. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की घरीच कूलिंग अपग्रेड करायचं. इलेक्ट्रिक फॅन, मोठा रेडिएटर, रेडिएटरचं जास्त प्रेशरचं कॅप, भारीतलं कूलंट सगळं आणलं आणि सगळं लावून गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली, काय बोलायचं आता.

मग एकेक करून सगळं उलगडलं तेव्हा कळलं की कंपनीने दिलेली सिस्टीम वाईट नव्हतीच. १०८९ सीसीचं छोटं इंजिन, त्याला तो तांब्या-पितळेचा रेडिएटर पुरेसा आहे, फक्त माझा रेडिएटर अर्धा क्षाराने बुजलेला होता. याच गाड्या मुंबईत काळी-पिवळी म्हणून दिवसभर ट्रॅफिकमध्ये उभ्या राहून चालल्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे माझं मत सरळ आहे, आधी जुनं होतं तसं करा आणि मग वाटलं तर पुढचं.

न तपासता सामान आणणं

ही सगळ्यात महागडी चूक. गाडी तापते म्हणजे कधी तापते ते आधी बघा. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर हवा कमी पडतेय, म्हणजे फॅन किंवा बेल्ट ढिला किंवा जाळीत किडे-चिखल-पिसं अडकलेत. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक आणि हायवेला ७०-८० ला तापते, तर पाणी फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोक, पंपाची पाती गंजून झिजलेली, नाहीतर रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) मऊ पडून आत ओढला जाऊन चपटा होतोय. हा होजचा प्रकार फार फसवा, कारण उभ्या गाडीत तो छान गोल दिसतो, रेस दिली की चपटतो. माणूस बसवून रेस द्यायला लावा आणि बघा.

गाडी बंद केल्यावर काटा जरा वर जातो तो आजार नाही, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची उष्णता जागच्या जागी राहते म्हणून तसं होतं.

आणखी एक. थंड इंजिन, कॅप उघडं, गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सतत बुडबुडे येत राहिले, थांबतच नाहीत, तर हेड पॅकिंग (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं) गेलेलं असण्याची शक्यता जास्त, मग कितीही मोठा फॅन लावा काही होत नाही. टायमिंग मागे असलं (ठिणगी उशिरा पडत असली) तरी इंजिन तापतं आणि कार्बोरेटर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालत असला तरी, तर आधी ट्यूनिंग करून घ्या, ते स्वस्त आहे.

काट्यावरही पटकन विश्वास ठेवू नका. मी सेन्सर बदलताना गळू नये म्हणून त्याच्या आट्यांवर चांगली चार वेढे टेफलॉन टेप गुंडाळली, आणि त्या सेन्सरला अर्थिंग मिळतं ते त्या आट्यांतूनच! काटा अर्ध्याच्या वर जाईना, मी खूश, खाली पाणी उकळतंय. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आता ऑनलाइन स्वस्तात मिळते, थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) घरावर मारून बघा, अंदाज येतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"अहो तो वॉल काढून टाका, आपल्याकडे कशाला पाहिजे, बर्फ पडतो का" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा जुन्या गाडीवाला मला दाखवा. माझ्या गाडीतलाही कुणीतरी कधीच काढलेला होता. काढला की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, चोक ओढून जास्त वेळ चालवावी लागते, पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट चिकट साय दिसते ती इंजिन पुरेसं गरम न झाल्याने ऑइलमध्ये राहिलेल्या पाण्याची. आणि तापणं थांबतं का तर नाही, कारण बुजलेला रेडिएटर बुजलेलाच आहे, फक्त तापायला दहा मिनिटं उशीर होतो.

थर्मोस्टॅट चांगला की खराब ते घरीच कळतं. पातेल्यात पाणी, त्यात दोरीने लटकवायचा, तळाला टेकवायचा नाही, थर्मामीटर सोडायचा आणि गॅस चालू. त्यावर ८२ लिहिलं असेल तर ८०-८४ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. पातेलं मात्र जुनं घ्या, मी आईचं दुधाचं घेतलं होतं त्यावर अजून बोलणी खातोय. बसवताना त्याच्या कडेला जी छोटी हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

इलेक्ट्रिक फॅन

इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे तुमच्या गाडीत डायनामो आहे का अल्टरनेटर ते बघा. लांब गोल नळकांडं असेल तर डायनामो, बुटका जाडा आणि जाळीजाळीचा असेल तर अल्टरनेटर. डायनामो आयडलवर (गाडी उभी, इंजिन हळू चालू) जवळपास काहीच चार्ज करत नाही. आणि फॅन नेमका कधी लागतो? आयडलवरच! फॅन साधारण १० अँपिअर खातो, दोन हेडलाइट तेवढेच, वर वायपर, म्हणजे पावसाळी रात्री ट्रॅफिकमध्ये तुम्ही निव्वळ बॅटरीवर जगताय. अर्ध्या तासाने सिग्नलला गाडी बंद पडली की धक्का मारायला माणसं शोधा. डायनामो असेल तर आधी अल्टरनेटर करून घ्या नाहीतर मूळ पंखाच राहू द्या, तो बेल्टवर फिरतो आणि त्याला वायरच नाही.

दुसरं, वायरिंग. मी पहिल्यांदा फॅनची वायर सरळ इग्निशन स्विचवरून घेतली. त्या स्विचचा जीव केवढा, १० अँपिअर सतत आणि चालू होताना त्याच्या दुपटी-तिपटीने ओढतो. डॅशमधून जळका वास आला तेव्हा समजलं. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावाच. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजवरून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून फॅनला, ८५ आणि ८६ पैकी एक इग्निशनच्या फ्यूजवरून आणि दुसरी थर्मोस्विचमधून (ठरावीक तापमानाला आपोआप चालू होणारा स्विच) अर्थला. फ्यूज बॅटरीच्या जवळ पाहिजे, फॅनच्या जवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच नाही. आणि अर्थची वायर रंगावर लावायची नाही, पत्रा घासून चकचकीत करून लावायची.

तिसरं म्हणजे दिशा. रेडिएटरच्या मागे लावायचा फॅन हवा ओढतो, पुढे लावायचा ढकलतो, दोघांची पाती वेगळी. प्लस-मायनस उलट झालं की मोटर उलटी फिरते आणि हायवेला समोरून येणाऱ्या हवेशी कुस्ती खेळते. माझं हेच झालं होतं! म्हणूनच आधीपेक्षा जास्त तापत होती, आणि मी मात्र चार दिवस रेडिएटरला शिव्या देत बसलेलो. तपासायचं एकदम सोपं, फॅन चालू करा आणि वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा, चिकटून बसलं पाहिजे. उडून तुमच्या तोंडावर आलं तर उलटा आहे.

फॅनसोबत प्लॅस्टिकच्या काड्या येतात, रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून फॅन अडकवायला. त्या वापरू नका. आपल्या रस्त्यांवर थरथरून थरथरून त्या पितळी नळ्या घासतात आणि सहा महिन्यांत बारीक गळती सुरू. दोन पट्ट्या कापून रेडिएटरच्या फ्रेमला ब्रॅकेट करा.

थर्मोस्विचचा आकडा थर्मोस्टॅटपेक्षा वर असायला हवा. ८२ चा थर्मोस्टॅट आणि ८० ला लागणारा फॅन म्हणजे फॅन कधी बंदच होणार नाही. साधारण ९२ ला चालू ८७ ला बंद असला बघा. आणि मूळ पंखा काढलात की पुली आणि पंखा एकाच बोल्टांवर आहेत का बघा, पंख्याची जाडी गेली की बोल्ट लांब पडतात, घट्ट वाटतात पण पुली सैलच राहते. वॉशर टाका किंवा आखूड बोल्ट घ्या. आणि हो, थर्मोस्विचवरचा फॅन सांगून चालू होत नाही, काम करताना बॅटरीची वायर काढूनच हात घाला.

रेडिएटर साफ करताना ॲसिड आणि कॉस्टिक

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा पण हेड ॲल्युमिनियमचं आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम अक्षरशः खातो, संडास धुवायचं ॲसिडही खातं. रेडिएटर एकटा काढून रेडिएटरवाल्याकडे दिला तर तो त्याच्या पद्धतीने बघेल, रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून साफ करणं) करेल, पण गाडीत बसवलेला असताना असलं काही आत ओतायचं नाही. घरी करायचं तर लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून भरा, इंजिन गरम होऊन अर्धा तास चालू द्या, थंड करून काढा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहा. नळीने उलट्या बाजूने पाणी सोडलं तर गाळ जास्त निघतो. रेडिएटरचा खालचा नळ उघडला की सगळं पाणी निघालं असं समजू नका, ब्लॉकमध्ये बरंच राहतं, ब्लॉकचा वेगळा ड्रेन आहे आणि गंजाचा चिखल तिथेच साठलेला असतो. माझ्या ड्रेनमधून आधी काहीच आलं नाही, तारेने टोचलं तेव्हा चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी भळाभळा आलं.

जाळी बदलायची वेळ आली तर दुकानदार नळ्यांच्या चार ओळींची घ्या म्हणेल. जाड जाळीतून हवा जायला तेवढाच जोरदार फॅन पाहिजे, नाहीतर उभ्या गाडीत फायदा शून्य.

कॅप

जास्त प्रेशरच्या कॅपने इंजिन थंड होत नाही, पाणी उशिरा उकळतं इतकंच. ७ पीएसआयला (दाबाचं माप, कॅपवर लिहिलेलं असतं) साधं पाणी साधारण १११ डिग्रीला उकळतं, १३ ला ११९ ला. पण तो दाब ३५ वर्षांच्या होजला आणि सोल्डरच्या जोडांनाही सोसावा लागतो, माझा वरच्या टाकीचा जोड असाच उकलला. मूळ आकडा असेल तोच घ्या, पण नवा घ्या, कारण जुन्याचं रबर कडक होऊन दाब धरतच नाही. याचं एक गंमतीशीर उदाहरण महाबळेश्वर, तिथे उंचीमुळे पाणी ९५-९६ लाच उकळतं, म्हणजे ढिल्या कॅपची गाडी नेमकी घाट चढून वर पोचल्यावर उकळणार आणि आपण घाटाला दोष देणार.

ओव्हरफ्लोची बाटली लावली तर कॅप परत ओढणारं पाहिजे, म्हणजे मधे छोटा उलटा व्हॉल्व्ह आणि वर दुसरं रबर असलेलं, आणि बाटलीतली नळी तळापर्यंत पाण्यात बुडालेली. नळी वर लोंबकळत असेल तर थंड होताना पाण्याऐवजी हवा आत जाते. गरम असताना कॅप उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक फडकं टाकून उघडतात, नका हो. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचंच नाही, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं मग प्लेनिंगचा (घासून सपाट करण्याचा) खर्च बसतो.

कूलंट

रंगावर जाऊ नका, हिरवा म्हणजे अमुकच असा काही नियम नाही, लेबल वाचा. तांबं-पितळ आणि सोल्डर असलेल्या जुन्या रेडिएटरला चालतं असं लिहिलेलं जुन्या पद्धतीचं घ्या आणि दोन वर्षांनी बदला. दोन प्रकार एकत्र ओतू नका, कधीकधी जेलीसारखा गाळ होतो. कॉन्सन्ट्रेट तसाच भरू नका, नुसतं कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. महाराष्ट्रात गोठायची भीती नाही, तर मी ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर घालतो, गंज थांबवायला तेवढं पुरतं, पण डब्यावर किमान किती ते बघा. बोअरचं पाणी नको, त्यानेच तर हे सगळं सुरू झालं. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात.

हवा

सगळं लावून झालं, भरभर पाणी ओतलं, कॅप लावलं, निघालो आणि दोन किलोमीटरवर काटा लाल, हे झालं तर घाबरू नका, आत हवा अडकलीय. थंड होऊ द्या. गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, हळूहळू भरा, वरचा होज हाताने दाबत राहा, कॅप उघडं ठेवूनच इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, परत भरा आणि मग कॅप. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे, जास्त ताणलात तर पंपाचं बेअरिंग जातं.

पहिला आठवडा रोज सकाळी थंड असताना पातळी बघा आणि क्लिपा परत एकदा आवळा, नवा होज बसला की त्या सैल होतातच. माझ्या गाडीत आता मूळ पंखा परत बसवलाय, नवी जाळी, नवं कॅप, ८२ चा थर्मोस्टॅट, आणि इलेक्ट्रिक फॅन माळ्यावर पडलाय, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. यंदाच्या मे मध्ये खंबाटकी न थांबता चढली, फक्त वर पोचल्यावर सवयीने मी कडेला घेतलीच.