गाडी विकत घेतानाच विक्रीची किंमत ठरवा

जुन्या गाडीतला नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो. तसलीच गाडी खरोखर कितीला गेली तो आकडा घ्या. जाहिरातीतली किंमत म्हणजे फक्त मालकाची अपेक्षा. खऱ्या विक्रीच्या आकड्यातून दुरुस्ती, टायर, कागदपत्रं, व्याज, जागेचं भाडं आणि आपला नफा वजा करा. उरेल त्याच्या वर एक पैसाही देऊ नका, गाडी कितीही मनात भरली तरी.

गाडी किती दिवस आपल्याकडे पडून आहे ते खरेदीपासून मोजा. गाडी गॅरेजमध्ये दहा दिवस अडकली तर तेही व्याजाचेच दिवस. 90 दिवसांत एकदा 15 टक्के मिळवण्यापेक्षा 30 दिवसांत 8 टक्के बरे, कारण तेच भांडवल तीनदा फिरून 24 टक्के देतं.

गाडी हलत नसेल तर आधी कुठे अडतंय ते बघा. फोनच येत नाहीत? किंमत किंवा फोटो चुकलेत. फोन येतात, पण बघायला कुणी येत नाही? माहिती अपुरी आहे. लोक चालवून बघतात आणि निघून जातात तेव्हा दोष गाडीत असतो: सीटचा कुबट वास, ब्रेकचा आवाज, उतरलेली बॅटरी. बंद उभ्या गाडीचं हे होतंच. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं फिरवून आणा.

तिसाव्या दिवशी किंमत एकदाच, नजरेत भरेल इतकी उतरवा. दर आठवड्याला थोडी थोडी कमी केली की गिऱ्हाईक पुढच्या कपातीची वाट बघत बसतं. साठाव्या दिवशीही उभीच असेल तर दुसऱ्या डीलरला मुद्दलात देऊन मोकळे व्हा.