ग्रेस मार्क फंक्शनमध्येच राहिले

डिप्लोमाला असताना सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रॅक्टिकलमध्ये निकालपत्रकाचा प्रोग्रॅम करत होतो. विद्यार्थ्याचं स्ट्रक्चर (एकत्र बांधलेल्या माहितीचा गठ्ठा) होतं: नावासाठी ४० अक्षरांची जागा, रोल नंबर, पाच विषयांचे गुण. ग्रेस मार्क द्यायला वेगळं फंक्शन. त्याच्या आत छापलं की गणिताचे ३७ चे ४० झालेले दिसायचे. मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य फंक्शनमध्ये, परतलं की पुन्हा ३७. दोन प्रॅक्टिकलं यातच गेली.

शेवटी दोन्हीकडे त्या व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता छापून पाहिला. पत्ते वेगळे! सी फंक्शनला मूळ वस्तू देत नाही, तिची प्रत देते. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर मी गुण वाढवत होतो.

माझा गोंधळ खरा ॲरेमुळे (एकाच प्रकारच्या घटकांची रांग, जसे पाच विषयांचे गुण) झाला होता. नुसता ॲरे दिला, तर फंक्शनमधले बदल बाहेर दिसतात, कारण तिथे पहिल्या घटकाचा पत्ता जातो. तोच ॲरे स्ट्रक्चरच्या आत असला, की स्ट्रक्चरबरोबर सगळाच्या सगळा कॉपी होतो. हा फरक वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुरुस्ती छोटी आहे. फंक्शनने स्ट्रक्चरचा पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) घ्यायचा, बोलावताना नावाआधी अँपरसँड (&) लावायचा आणि आत डॉटऐवजी (.) ॲरो (->) वापरायचा. ॲरो का? स्टार (*, पत्त्यावरची वस्तू गाठणारं चिन्ह) आणि डॉट एकत्र आले की डॉट आधी लागतो, म्हणून पॉइंटरला स्टार लावून कंसात घालावं लागतं. ॲरो हे त्याचंच थोडक्यात लिहिलेलं रूप.

पॉइंटरने कॉपीही वाचते. आजच्या नेहमीच्या ६४-बिट मशीनवर माझं स्ट्रक्चर ६४ बाइटचं भरलं (४० नावाचे, ४ रोल नंबरचे, २० गुणांचे) आणि पॉइंटर ८ चा. पण तेवढ्यासाठी सगळीकडे पॉइंटर नको. दिवस, महिना, वर्ष एवढंच स्ट्रक्चर असेल तर सरळ द्यावं. मोठं स्ट्रक्चर नुसतं छापायचं असेल, तर पॉइंटर घेताना स्टारच्या आधी कॉन्स्ट (बदलायचं नाही, असं सांगणारा शब्द) लिहा. चुकून गुण बदलायला गेलात तर कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) तिथेच अडवतो.

एक चूक मात्र फार फसवी आहे: फंक्शनच्या आत स्ट्रक्चर बनवून त्याचा पत्ता परत करणं. फंक्शन संपलं की ती जागा आपली राहत नाही, तरी कधी कधी उत्तर बरोबर छापलं जातं आणि आपण निर्धास्त होतो. व्हायव्हाच्या आदल्या रात्री माझं असंच झालं. कंपायलरची वॉर्निंग समोर होती, मी वाचली नव्हती. अशा वेळी अख्खं स्ट्रक्चरच परत करा, त्याची प्रत सुखरूप बाहेर येते. किंवा मेनमध्ये व्हेरिएबल बनवून त्याचा पत्ता फंक्शनला भरायला द्या.